दोन ओळींचा धडा

बत्तीस वर्षं मी सुरतेत, डिंडोलीच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवला, आणि त्यातली बरीच वर्षं एका धड्याचा शेवट मुलांपासून लपवून ठेवला. खोटं असं काही सांगितलं नाही. गोष्ट जिथं बरी वाटते तिथं पुस्तक मिटलं, एवढंच. आमच्या पेशात ही चलाखी सगळ्यांना येते. पस्तीस मिनिटांचा तास, समोर साठ मुलं, त्यांचे आईबाप लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात बोलून बोलून मोठ्या आवाजाचे झालेले, त्यामुळे मुलं कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जातं. अशा वर्गात घंटेच्या आधी गोष्ट गोड करून संपवणारा शिक्षक चांगला समजला जातो. मी चांगली समजली जात होते.

धडा अमेरिकेचा होता. पुस्तकात त्याला दोन ओळी होत्या. उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात चार वर्षं लढली. उत्तर जिंकली आणि गुलामांची प्रथा बंद झाली. त्याच्या पुढचा मुद्दा रेल्वेचा. मीही सुरुवातीची काही वर्षं रेल्वेकडे वळत असे.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या पुस्तकवाल्याकडे एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. कव्हर फाटलेलं, वाळवीनं कडा खाल्लेल्या. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते महिनाभर वाचलं, आणि मला कळलं की त्या दोन ओळींच्या मधे एक अख्खा देश पडला आहे.

युद्ध थांबलं तेव्हा शहरं जळालेली होती, घराघरातले मुलगे गेले होते, आणि कालपर्यंत बैलासारखी विकली जाणारी लाखो माणसं रस्त्यावर मोकळी उभी होती. जमीन नाही, घर नाही, पुष्कळांना आडनावसुद्धा नाही. मग त्यातली कितीतरी माणसं चालू लागली. ज्याची बायको विकली गेली होती तो बायकोला शोधायला, जिची मुलं विकली होती ती मुलांना शोधायला. शेकडो मैल. त्यांनी वर्तमानपत्रांत छोटे छोटे मजकूर दिले आणि ते रविवारी चर्चमध्ये मोठ्यानं वाचून दाखवले जात: माझ्या आईचं नाव अमुक, तिला तमुक गावाकडे नेलं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. आणि त्यांनी शाळा काढल्या. दक्षिणेतल्या कितीतरी भागांत त्यांना अक्षर शिकवणं कालपर्यंत गुन्हा होता. आता आजोबा नातवाच्या शेजारी बाकावर बसून मुळाक्षरं गिरवत होते. पुढं त्यांनी मतं दिली, त्यांच्यातले काही निवडून येऊन कायदे करायला बसले.

ते पान मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. देवळाबाहेर हात जोडावेत असं मला फार कमी वेळा वाटलं आहे.

पुस्तक तिथं संपत नव्हतं. पण मी शिकवताना तिथं संपवत असे. आजोबा मुळाक्षरं गिरवताहेत, घंटा.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी प्रभारी मुख्याध्यापिका होते आणि रविवारी दुपारी शाळेत बायकांना लिहायला-वाचायला शिकवत होते. आसपासच्या गल्ल्यांतल्या दहा-बारा जणी येत. बहुतेक खानदेशातल्या, घरी अहिराणी, बाजारात गुजराती, पोरांशी हिंदी. सुरतच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या मला बेन म्हणत. त्यांच्यात जिजाबाई नावाची एक होती. साठीला टेकलेली, बारीक, पाठ ताठ. नवरा लूमवर कामाला होता, तो गेल्यावर ती घरबसल्या साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करी. त्यामुळे तिची बोटं पेन्सिल फार नाजूक धरत, आणि अक्षर गिरवताना ती श्वास रोखून बसे.

एका रविवारी फळ्यावर शनिवारचा नकाशा राहून गेला होता. रंगीत खडूनं काढलेली अमेरिका, मधोमध दोन भाग केलेली. जिजाबाईनं विचारलं, "बेन, हे काय शे?"

मी सांगितलं. मुलांना सांगायची तसंच. बायका मुलांपेक्षा गप्प ऐकतात. आजोबा मुळाक्षरं गिरवतात तिथं मी थांबले. आमच्या वर्गात घंटा नव्हती, ही माझी अडचण झाली.

जिजाबाई म्हणाली, "मंग पुढे काय व्हयनं?"

"पुढे सगळं नीट झालं," मी म्हणाले.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मालक लोक कुठं गेले मग? ते त्याच गावात राहिले ना?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काहीतरी बोलून बाराखडीकडे वळले. पण घरी जाऊन तो आठवडा मला चैन पडलं नाही. पुढच्या रविवारी मी उभी राहिले आणि उरलेलं सगळं सांगितलं. मालक लोक त्याच गावात राहिले. जमीन देऊ म्हणून सांगितलेली बऱ्याच ठिकाणी परत काढून घेतली, आणि सुटलेली माणसं त्याच शेतांत वाट्यानं राबू लागली. दहा-बारा वर्षांत उत्तरेनं आपले सैनिक बोलावून घेतले. मग मारहाण, जाळपोळ, आणि हळूहळू मतंही काढून घेतली. गोऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांशी हात मिळवले, देश एक झाला, पण तो या माणसांना बाहेर ठेवून. ते हक्क परत मिळायला पुढं शंभरेक वर्षं गेली.

"मी मागच्या रविवारी तुम्हाला फसवलं," मी म्हणाले.

जिजाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. "शंभर म्हणजे नातवाचा नातू," ती म्हणाली. "एवढी वर्षं त्यांनी शाळा चालू ठेवली का बंद केली?"

"चालू ठेवली. पैसे नव्हते, जाळल्या तर परत बांधल्या. पण चालू ठेवल्या."

तिनं मान हलवली. मग वहीकडे बघत म्हणाली, "ते चर्चमध्ये वाचायचे ते कागद, ते कसे लिहायचे? माले एक लिहायचा शे."

तेव्हा तिची गोष्ट आम्हाला कळली. ती लहान असताना घरचे सगळे वीटभट्टीवर होते. हंगामाआधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ती फिटेपर्यंत अख्खं कुटुंब भट्टीवरून हलू शकत नाही. ती कधी फिटत नाही. जिजाबाई अकरा वर्षांची असताना आई भट्टीवरच वारली. धाकटी बहीण मंगल तेव्हा चार वर्षांची. मुकादमाच्या बायकोला मूल नव्हतं, "मी सांभाळते" म्हणून ती मंगलला घेऊन गेली. पुढच्या हंगामात मुकादम दुसऱ्या भट्टीकडे गेला, बहीण त्याच्याबरोबर गेली, आणि पुन्हा दिसली नाही. ती परत मिळेल म्हणून बाप उचल फेडत तिथंच राबत राहिला. लग्न झाल्यावर नवऱ्यानं जिजाबाईला तिथून काढून सुरतेला आणलं. बहिणीचं नाव तिनं सत्तेचाळीस वर्षं कुणापुढं काढलं नव्हतं.

"मी लिहून देऊ?" मी विचारलं.

"नको. मीच लिहिते."

तिला सात महिने लागले. एकेक ओळ पाटीवर, मग वहीत. शेवटी जो कागद झाला तो असा: 'माझं नाव जिजा. आईचं नाव सखू, ती भट्टीवर मेली. माझी बहीण मंगी चार वर्षांची होती तेव्हा मुकादमाच्या बायकोनं नेली. तिच्या डाव्या कानामागं भाजल्याचा डाग आहे. ती असेल तिथं हा कागद मोठ्यानं वाचा. मी डिंडोलीत आहे. मी अजून शोधते.' खाली माझा फोन नंबर.

वर्तमानपत्रात देऊया असं मी सुचवलं. ती म्हणाली, "आमची माणसं वाचत नाहीत, बेन, ऐकतात." आणि तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं. आमच्या भागात नवी घरं सारखी बांधली जातात, आणि कामरेजकडच्या भट्ट्यांवरून विटांचे ट्रक रोज येऊन रिकामे होतात. माझ्या सातवीच्या मुलींनी शुद्धलेखनाच्या तासाला त्या कागदाच्या प्रती लिहून दिल्या, आणि जिजाबाई त्या घेऊन ट्रकपाशी उभी राहू लागली. "भाऊ, भट्टीवर कुणाकडून तरी वाचून घ्या." काही ड्रायव्हर हसले, काहींनी कागद घेऊन काचेवर खोचला, आणि एकजण म्हणे तिथंच चहाच्या टपरीवर वाचून घेऊन डोळे पुसत गेला. हे सगळं ती मला धागे कापताकापता सांगायची, जणू रेशनच्या रांगेची हकीकत.

पाचव्या महिन्यात माझा फोन वाजला. पलीकडे एका बाईनं आधी हा नंबर कागदावरचाच ना, असं विचारलं. मग म्हणाली, "तो डाग मना कानमागं शे."

आम्ही दोघी बसनं कामरेजला गेलो, तिथून रिक्षानं आत. मंगल रस्त्यापर्यंत आली होती. अंगानं भरलेली, चांगल्या साडीतली बाई. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. जिजाबाईनं तिचं डोकं वळवलं, कानामागं बोट फिरवलं, आणि तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली. मंगलही तिच्याजवळ बसली. मी रिक्षावाल्याकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघण्याचा मला अधिकार नव्हता.

घर दोन खोल्यांचं, पक्कं. मंगलला मुकादमाच्या घरात वाढवलं, पण लेकीसारखं कमी आणि कामवालीसारखं जास्त, हे तिनंच सांगितलं. त्याच्याच पुतण्याशी लग्न लावलं. आता नवरा नव्हता, आणि मुलगा संतोष मुकादमी करत होता. अर्ध्या मैलावरच्या भट्टीवर तोच माणसं आणी. हे ऐकून जिजाबाईचा घास हातात राहिला.

जेवण झाल्यावर मंगलला नवऱ्याचा फोटो दाखवायचा होता. तिनं कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून बहिणीपुढं ठेवला. "यातच असेल. मला त्या कागदांतलं काही समजत नाही." जिजाबाईनं डबा उघडला. फोटोच्या वर रबर लावलेला एक गठ्ठा होता. आधार कार्डं, मराठी अक्षरांची. बहिणीला आपण वाचतो हे दाखवायची तिला हौस आली असावी. वरचं कार्ड घेऊन ती अक्षर अक्षर लावू लागली.

"सु-नी-ता. सुनीता. ही कोण? तुझी सून?"

"मला सून नाही अजून."

जिजाबाईनं दुसरं कार्ड घेतलं. मग तिसरं. नावं वेगळी, आडनावं वेगळी, गावं वेगळी. तिचा आवाज हळूहळू बदलत गेला. वीस-बावीस कार्डं होती. पाच-सहा वाचून ती थांबली.

"मंगी, ही माणसं कुठं शेतस?"

"भट्टीवर. हरवतात म्हणून संतोष सांभाळून ठेवतो."

"हरवत नाहीत. कार्ड नसलं की माणूस कुठं जाऊ शकत नाही." जिजाबाईनं कार्डं खाली ठेवली. "आपल्या वेळी कार्डं नव्हती. बापाकडून त्यांनी तुले ठेवून घेतलं होतं. म्हणून बाप हलला नाही."

मंगलच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. सत्तेचाळीस वर्षं तिनं स्वतःला सांभाळायला घेतलेली मुलगी समजलं होतं. मग तिनं गठ्ठा उचलून डब्यात घातला, झाकण लावलं, डबा कडेवर घेतला आणि चपला घालू लागली.

दारात मोटारसायकल थांबली. संतोष तिशीचा, दमलेला दिसत होता. "आई, डबा कुठं नेतेस?"

"ज्याचं त्याले परत देवाले."

"मालक मला विचारेल."

"सांग, माय डबा लई गई."

तो आईला अडवायला पुढं आला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "बेन, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही समजवा. माणसं अर्धा हंगाम टाकून गेली तर मालक माझी मान धरणार. मला तरी कुणी मोकळं सोडलंय?" तो खोटं बोलत नव्हता. तरी मी दोघी बहिणींच्या मागून चालू लागले.

भट्टीवर भर दुपारची वेळ. विटांच्या ओळी दूरवर वाळत घातलेल्या, मधूनमधून वाकलेली माणसं. मंगलला बघून काही जण उठून उभे राहिले, मुकादमाची आई म्हणून. तिनं डबा एका विटांच्या थप्पीवर ठेवला आणि बाजूला झाली. जिजाबाईनं पहिलं कार्ड उचललं आणि मोठ्यानं वाचलं.

नावं ती तोडून तोडून वाचत होती. ऊन डोळ्यांवर येत होतं, जोडाक्षराला अडखळत होती. पण मी मदतीला पुढं झाले नाही. एकेक माणूस चिखलाचे हात कपड्याला पुसत येई, आपलं नाव पुन्हा एकदा ऐकल्यासारखं थबके, आणि कार्ड घेई. एका म्हाताऱ्याचं कार्ड मंगलनं त्याच्यापुढं धरलं. तो घेईना. तिच्या हाताकडे नुसता बघत राहिला. मग तिनं कार्ड विटांवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली. त्यानं ते उचललं. मंगल तिथंच खाली मान घालून उभी होती, आणि शेवटचं नाव होईपर्यंत हलली नाही.

मी इतिहासाची शिक्षिका. मोठ्या मोठ्या सभांची, तहांची, जाहीरनाम्यांची वर्णनं मी पाठ म्हणून दाखवली आहेत. मालक आणि सुटलेली माणसं एका गावात पुन्हा कशी राहतात, हे मात्र मी त्या दुपारी पहिल्यांदा बघितलं.

पहिलं नाव ऐकून जी आली होती ती सुनीता, पंचविशीची, दोन मुली पदराला धरून. ती माझ्यासमोर थांबली. "बेन, ओळखलं नाही? मी तुमच्या शाळेत होते. दुसरीपर्यंत."

मी ओळखलं नाही. पण मला हजेरीपटाचं ते पान दिसलं. दरवर्षी दिवाळीनंतर, भट्ट्यांचा हंगाम लागला की, काही मुलं येईनाशी होत. मी हजेरीपटात त्यांच्या नावापुढं लाल शाईनं 'सतत गैरहजर' लिही आणि नियमाप्रमाणे नाव कमी करी. किती नावं कमी केली ते मला माहीत नाही. कुठं गेली हे मी कधी विचारलं नाही. अक्षर मात्र सुबक काढलं. एका दूरच्या देशातल्या माणसांनी आपली माणसं शोधायला शेकडो मैल पायपीट केली, हे सांगताना माझा गळा भरून येई, आणि माझ्या पटावरची मुलं बसच्या एका तिकिटावर होती.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. त्या संध्याकाळी फक्त दोन कुटुंबं भट्टी सोडून गेली. बाकीची राहिली, जाणार कुठं, हंगाम तर काढायचाच. पण कार्ड आता त्यांच्या स्वतःच्या गाठोड्यात होतं. मी सरकारी कचेरीत अर्ज दिला, चौकशी झाली. संतोषची मुकादमी गेली. तो वर्षभर आईशी बोलला नाही, ती रांधून ठेवी आणि तो जेवून उठे. आता तो उधन्यात टेम्पो चालवतो, साड्यांची पार्सलं नेतो. मला रस्त्यात दिसला तर मान हलवतो, थांबत नाही. मंगल महिन्यातून दोनदा डिंडोलीला येते. दोघी बहिणी गोडीनं राहतात असं मी सांगणार नाही. खूप भांडतात. कधी मंगल रडत म्हणते की तू आधी का नाही शोधलंस. संध्याकाळी जिजाबाईच तिला बसपर्यंत सोडायला जाते.

सोडून गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक सुनीताचं होतं. जिजाबाईनं आपल्याच गल्लीत त्यांना खोली बघून दिली. पंधरा दिवसांनी सुनीता शाळेत आली, दोन्ही मुलींना तेल लावून, वेण्या घालून. मी प्रवेशाचे अर्ज स्वतः भरले. नाव, जन्मतारीख, वडिलांचा धंदा. शेवटी पालकाच्या सहीच्या जागी बोट ठेवलं आणि सवयीनं शाईचा पॅड तिच्यापुढं सरकवला.

तिनं हात मागं घेतला.

"अंगठा नको, बेन. दुसरीत मला लिहिता यायचं. सगळं विसरले. मी रविवारी येते. येईल तेव्हा सही करते. तोवर ही जागा मोकळी ठेवा."

सहीशिवाय अर्ज अपुरा. तरी मी मुलींना वर्गात बसवलं आणि अर्ज तसेच फाइलला लावले. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही सही कुठं आहे? मी म्हणाले, सुरू आहे. त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी पुढचं पान उलटलं.

सुनीता श्रावणात एका सोमवारी आली. पेन माझं घेतलं. पहिल्या अर्जावर वाकली, आणि दातांत ओठ धरून लिहू लागली. अक्षरं मोठी होती. तिच्या जागेत मावली नाहीत, रेघ ओलांडून मुख्याध्यापकाच्या सहीच्या जागेत शिरली आणि कागदाच्या कडेला जाऊन थांबली. तिनं घाबरून माझ्याकडे बघितलं.

मी कागद माझ्याकडे ओढला आणि माझी सही खाली, समासात केली.